राजकणीस

टक्.

मक्याचा एक दाणा दगडी फरशीवर पडला, दोनदा उडाला आणि घरंगळत बाकाखाली गेला. आवाज तो केवढासा! पण पीठ फुगत असताना त्या घरात कुणी मोठ्यानं श्वासही घेत नसे, त्यामुळे अदोझिंदाला वाटलं, चर्चची घंटाच वाजली.

एप्रनखाली हात खुपसून ती जागच्या जागी थिजली. हाताखाली एक कणीस होतं. लाल, वाळलेलं, वर्षभर तिच्या पेटीत लोकरी मोज्यांच्या तळाशी झोपलेलं.

"काय पडलं गं?" भट्टीपाशी बसलेल्या सासूनं विचारलं. बाल्बीनाबाईंनी पिठाच्या गोळ्यावर बोटानं क्रूस काढून त्यावर जाड चादर घातली होती आणि बाळ निजवल्यासारखा एक हात चादरीवर ठेवला होता.

"काही नाही आई. बटण."

"मग उचल की. उद्या शोधत बसशील."

अदोझिंदा वाकली. बाकाखाली अंधार होता. तिनं फरशी चाचपली, हाताला राख लागली, एक वाळकं पान लागलं, दाणा काही लागला नाही. जास्त वेळ शोधणं बरं दिसलं नसतं. "मिळालं," असं म्हणत ती उठली आणि दूध काढायचं निमित्त करून गोठ्यात गेली.

गोठ्यामागे कालच शेतातून आणलेल्या मक्याचा ढीग होता. दुपारी सगळी आळी सोलायला येणार होती. अदोझिंदानं ढिगातलं एक जाडजूड कणीस निवडलं. नखानं त्याची हिरवट पानं एकेक करून मागे वळवली, एकही फाटू दिलं नाही. आतलं पिवळं कणीस देठाशी पिळून मोडून घेतलं आणि त्या जागी लाल बसवलं. मग पानं पुन्हा जशीच्या तशी वर आणली, शेंड्याला पानाच्याच दोऱ्यानं बांधली. झालं. दुपट्यात गुंडाळलेल्या पोरासारखं ते दिसत होतं. हातात घेतल्यावर जरा हलकं लागत होतं, पण तिच्या सहा वर्षांच्या लेकीला वजनातलं काय कळणार?

चोरी तिनं आयुष्यात कधी केली नव्हती. हीसुद्धा चोरी नव्हे, असं ती स्वतःला चार दिवस समजावत होती.

त्या भागातला रिवाज असा, की सोलणीत ज्याच्या हाती लाल कणीस लागेल तो राजा. हजार पिवळ्यांत एखादंच लाल निघतं. ते निघालं की "राजकणीस!" म्हणून ओरडायचं आणि गोलात बसलेल्या प्रत्येकाला मिठी मारायची. लहान असो, थोर असो, भांडलेला शेजारी असो, राजाची मिठी कुणी नाकारायची नसते. त्या गावात कितीतरी लग्नं राजकणसानं जमली होती आणि बांधावरून झालेले दोन खटले मिटले होते.

आणि बाल्बीनाबाईंनी आपल्या नातीला जन्मापासून कधी हात लावला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी याच दिवसांत झेफेरीनो, त्यांचा एकुलता एक मुलगा, मक्यानं भरलेली गाडी चढावरून आणत होता. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडून सांगितलं, "अरे, तुझ्या बायकोला कळा सुरू झाल्या!" तो उडी मारून उतरला. चाकाखाली दगड लावायचं विसरला. गाडी मागे आली, मागे तो होता, आणि त्याच्या मागे दगडी भिंत होती. सुईणीनं छोट्या इदालिनाला, इदाला, धुऊन बाहेर आणलं तेव्हा अंगणात दाराच्या फळीवर तिचा बाप आणून ठेवलेला होता. सुईणीनं बाळ पुढे केलं. बाल्बीनाबाईंनी दोन्ही हात मागे बांधले.

ते हात तसेच राहिले.

तसं पाहिलं तर त्या दुष्ट नव्हत्या, आणि अदोझिंदाला तेच जड जाई. इदाला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही. दुधावरची साय निम्मी तिला, निम्मी दुसऱ्या नातीला, वन्संच्या झासिंताला. भट्टीच्या दिवशी परातीला चिकटलेलं पीठ खरवडून त्या दोन छोटे पाव करत, अगदी सारखे. फक्त झासिंताचा पाव त्या तिच्या हातात देत आणि इदाचा दगडावर ठेवत. गाईला थोपटत, डुकराच्या पाठीवर काठीनं खाजवत, कोंबडीला काखेत घेऊन हिंडत. इदा जवळ आली की हात एप्रनच्या खिशात जात.

दहा दिवसांपूर्वी पॅरिसहून पत्र आलं होतं. अदोझिंदाच्या मावसबहिणीनं तिच्यासाठी एका मोठ्या घरातलं काम ठरवलं होतं, पण मालकिणीला लेकरू चालणार नव्हतं. मंगळवारी गावातून एक मोटार सरहद्दीकडे निघायची होती. पत्र हातात धरून अदोझिंदा सासूपुढे उभी राहिली होती.

"पोरगी राहील," सासू म्हणाली होती. "खाईल, पिईल. आजारी पडली तर डॉक्टरला बोलावीन. बाकीचं माझ्याकडे मागू नकोस."

आणि अदोझिंदाला नेमकं बाकीचंच हवं होतं. एकदाच. जाण्याआधी तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, की या हातांना माझ्या लेकराभोवती वळता येतं. एकदा वळले की पुन्हा वळतील. हिवाळ्यात पोर तापली, झोपेत दचकून उठली, तर अंधारात हात पुढे करेल आणि समोर काहीतरी असेल. एवढ्यासाठी तिनं ते कणीस पेटीतून बाहेर काढलं होतं.

ते पेटीत कसं आलं, हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या सोलणीत ती सासूच्या शेजारी बसली होती. सासूनं एक कणीस घेतलं, टोचणीनं पानं फाडली आणि क्षणभर थांबली. पानांच्या फटीतून लाल दिसलं होतं. सासूनं समोर पाहिलं. समोर गोलात इदा बसली होती, आजोळाहून आणलेली लाल टोपी घालून, पानाची बाहुली करत. बाल्बीनाबाईंनी पानं परत मिटली आणि ते कणीस गुरांपुढे टाकायच्या पाचोळ्यात भिरकावलं. मग दुसरं घेतलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

दुसऱ्या दिवशी अदोझिंदानं पाचोळा उपसून ते शोधून काढलं.

*

दुपारी खळ्यावर ऊन तिरपं झालं तशी माणसं जमली. खळ्याच्या कडेला चार दगडी पायांवर उभं असलेलं लांबोडकं कोठार, त्याच्या माथ्यावर दगडी क्रूस, आणि खाली मक्याचा डोंगर. भोवती गोल करून सगळे बसले. प्रत्येकाच्या हातात लाकडी टोचणी. पानं मागे, कणीस टोपलीत, पुन्हा पुढचं. वाइनचा जग एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता.

"चाळीस वर्षं सोलतोय," म्हातारा आबिलियो म्हणाला, "एकदा तरी लाल दाखव रे देवा. या झुल्मिराला एक मिठी मारली की मी डोळे मिटायला मोकळा."

"तुला लाल मिळालं तरी पिवळंच दिसेल मेल्या," समोरून झुल्मिरा म्हणाली. "आधी मोतीबिंदू काढून ये."

"मिठीला डोळे लागत नाहीत."

"दात तरी लागतात का? तेही नाहीत तुझ्याकडे!"

खळं हसलं. बाल्बीनाबाईसुद्धा हसल्या. ढिगाच्या डोक्याशी ठेंगण्या तिवईवर त्या काळ्या कपड्यांत बसल्या होत्या आणि त्यांचे हात यंत्रासारखे चालत होते. पायाशी दोन्ही नाती. बाई आज बऱ्या मनःस्थितीत दिसत होत्या. पोरींची दरवर्षीची उजळणी त्यांनी स्वतःहून सुरू केली.

"पानं कुणाला?"

"गाईला!" दोघी ओरडल्या.

"गाय कुणाला?"

"नांगराला! आणि दुधाला!"

"दाणा कुणाला?"

"चक्कीला!"

"चक्की कोण फिरवतं?"

"नदी!"

"आणि दाणे काढल्यावर उरलेलं बुरकुंड?"

"भट्टीला!"

"मग वाया काय गेलं?"

"काहीच नाही!" इदाचा आवाज झासिंतापेक्षा वर चढला. तिनं आजीकडे पाहिलं, शाबासकीच्या आशेनं. आजीनं झासिंताच्या डोक्यावरून हात फिरवला.

"दोघींनी बरोबर सांगितलं," आजी म्हणाली.

अदोझिंदानं पाहिलं आणि मन घट्ट केलं. कणसांची नवी टोपली ओतायच्या निमित्तानं ती उठली, पोरींच्या पुढ्यात ढीग सारखा केला आणि ते दोऱ्यानं बांधलेलं कणीस इदाच्या गुडघ्याशी सरकवलं. मग जाऊन जाग्यावर बसली. पुढचं कणीस सोलायला घेतलं तर टोचणी अंगठ्यात गेली.

इदानं पाच कणसं सोलली. सहावं बाजूला टाकलं, त्यावर अळी होती. मग ते दोऱ्यानं बांधलेलं उचललं.

"आई," थोड्या वेळानं ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "हे आजारी आहे का? लाल झालंय."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग झासिंता किंचाळली, "राजकणीस! इदाला राजकणीस!" आणि सगळं खळं उठून बसल्यासारखं झालं. आबिलियोनं टोपी हवेत उडवली. "घ्या! मी चाळीस वर्षं झिजलो आणि ही कालची पोर राजा झाली! ये गं राजा, आधी या प्रजेला मिठी मार!"

इदा उठली. आधी लाजली, मग तिला ते आवडलं. कणीस छातीशी धरून ती एकेकाच्या गळ्यात पडत निघाली. आबिलियोनं तिला उचलून गरगर फिरवलं. झुल्मिरानं दोन्ही गालांचे मुके घेतले, मिशी टोचल्याचं पोरीनं सगळ्यांदेखत जाहीर केलं, झुल्मिराच सगळ्यांत मोठ्यानं हसली. फेलिझ्मिना वन्संनी तिला पोटाशी धरलं आणि हळूच डोळे पुसले, त्यांच्या भावाचेच तर डोळे होते पोरीला. गोलातली माणसं कमी कमी होत गेली. अदोझिंदा आपल्या लेकीच्या पावलांबरोबर मोजत होती. आता चार. आता तीन. स्वतः तिनं मिठी मारली तेव्हा पोरीचं हृदय चिमणीसारखं उडत होतं. "पुढे जा," तिनं कानात सांगितलं. "आता आजी."

इदा आजीपुढे उभी राहिली. हात पसरले. एका हातात कणीस.

तिथं बसलेल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. वाइनचा जग कुणाच्या तरी हातात तसाच राहिला.

बाल्बीनाबाईंनी टोचणी मांडीवर ठेवली. त्यांचा चेहरा मऊ झाल्यासारखा वाटला, अदोझिंदाला तरी वाटला.

"आण बघू ते कणीस," त्या म्हणाल्या.

पोरीनं दिलं. आजीनं ते तळहातावर जोखलं, सोनार जोखतो तसं. अंगठ्याचं नख एका दाण्यात रोवून पाहिलं. नख शिरलं नाही. मग कणीस उलटं करून डोळ्यांजवळ नेलं. एका ओळीत मधला एक दाणा नव्हता, पडलेल्या दातासारखी काळी खाच होती. आजीनं एप्रनच्या खिशात दोन बोटं घातली, एक लाल दाणा काढला आणि सावकाश त्या खाचेत बसवला. दाणा चपखल बसला.

"सकाळी झाडताना बाकाखाली सापडला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी म्हटलं, आमच्या सूनबाईचं बटण असेल."

अदोझिंदानं एप्रनखाली हात खुपसले.

"नव्या पानात जुनं कणीस," बाल्बीनाबाई गोलाकडे पाहून म्हणाल्या. "हे बघा, भोकं. गेल्या वर्षीची कीड आहे यात. मक्यानं ही नवी कला कधी शिकून घेतली, आबिलियो?"

आबिलियोनं टोपी डोळ्यांवर ओढली. कुणीतरी कसनुसं हसलं.

"कुणी दिलं तुला हे?" आजीनं इदाला विचारलं. पण पाहत होती ती अदोझिंदाकडे.

"कुणी नाही," इदाचे हात अजून पसरलेलेच होते. "मला मिळालं."

"कुठे?"

"ढिगात. इथे. माझ्या गुडघ्यापाशी."

"ढिगात जुनं कणीस नसतं. कोण ठेवील? कणसाला पाय फुटले?"

"मला खरंच मिळालं आजी. झासिंताला विचार!"

"पेटीबिटी उघडलीस का कुणाची?"

"नाही!"

"मग खोटं बोलतेस."

"आई, लहान आहे गं ती," फेलिझ्मिना वन्सं मधे पडल्या. "खेळ आहे. जाऊ दे ना."

"लहान आहे म्हणूनच. हात वळण घेतात ते याच वयात." बाल्बीनाबाईंची नजर सुनेवरून हलली नव्हती. "की कुणाला काही सांगायचंय? सांगायचं असेल त्यानं सांगावं. इथं सगळी आपलीच माणसं आहेत."

सांगायला किती सोपं होतं! मी ठेवलं. आणि मी ते कुठून आणलं, तेही ऐका. गेल्या वर्षी या बाईच्या हातात राजकणीस आलं होतं, आणि एका पोरीला मिठी मारावी लागेल म्हणून तिनं ते गुरांपुढे फेकलं. एवढी दोन वाक्यं. ती अदोझिंदाच्या घशापर्यंत आली. झुल्मिरानं तोंडावर हात धरला असता, आबिलियो शिवी हासडून उठला असता, आणि या बाईला उद्या चर्चच्या पायरीवर कुणी ओळख दाखवली नसती.

आणि मंगळवारी मोटार निघाली असती. मग पोर कुणाजवळ?

अदोझिंदानं खाली पाहिलं. मांडीवरच्या कणसाची पानं तिनं एकेक करून फाडली.

"बघ," आजी इदाला म्हणाली, "तुझी आईसुद्धा काही बोलत नाही."

इदानं मान वळवून आईकडे पाहिलं. अदोझिंदानं ते पाहणं अंगावर घेतलं, पण डोळे वर केले नाहीत.

मग ते झालं. बाल्बीनाबाईंनी हात पुढे केले आणि नातीची दोन्ही मनगटं धरली. सहा वर्षांत पहिल्यांदा. तिला ओढून आपल्या दोन गुडघ्यांमध्ये उभी केली, पाठ आपल्या छातीशी. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, आजी नातीला काही शिकवते आहे. तिनं ते लाल कणीस पोरीच्या हातात ठेवलं, तिच्या अंगठ्यावर आपला राठ अंगठा ठेवला आणि दाबला.

"सोल. शेवटच्या दाण्यापर्यंत."

जुने दाणे दगडासारखे असतात. मोठी माणसंसुद्धा ते दुसऱ्या बुरकुंडावर घासून काढतात, नुसत्या अंगठ्यानं कुणी काढत नाही. पहिली ओळ निघेपर्यंत इदा रडली नाही. दुसऱ्या ओळीला तिचा खालचा ओठ थरथरला.

"जुना दाणा कुणाला?" आजीनं वरून विचारलं.

"कों... कोंबड्यांना."

"मोठ्यानं. मघाशी कसा आवाज होता?"

"कोंबड्यांना!"

"आणि बुरकुंड?"

"भट्टीला."

"वाया काय गेलं?"

पोरीनं नाक खांद्याला पुसलं.

"वाया काय गेलं?"

"काही नाही, आजी."

गोलातले लोक सोलत राहिले. आधी हळू, मग भराभर, कारण हाताला काम असलं की डोळ्यांना सुट्टी मिळते. आबिलियोनं एकदा "अहो बाई, पुरे आता," म्हणून पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे वाइनचा जग सरकवला. दाणे टपटप फरशीवर पडत होते आणि कोंबड्या, ज्यांना कुणाचंच काही माहीत नसतं, पंख पसरून धावत येत होत्या. अंगठ्याची साल निघाली. शेवटच्या दोन ओळींचे दाणे जरा जास्तच लाल पडले. तरी ते दोन हात पोरीच्या हातांभोवती होते तसेच राहिले, सैल न होता, शेवटच्या दाण्यापर्यंत. अदोझिंदानं देवाकडे हेच तर मागितलं होतं.

सोलून संपल्यावर आजीनं मनगटं सोडली, बुरकुंड घेतलं, उठून भट्टीपर्यंत चालत गेली आणि आत टाकलं. जुनं, ठणठणीत वाळलेलं बुरकुंड, भपकन पेटलं. मग तिनं फावड्यानं पाव बाहेर काढले. मक्याच्या गरम पावाचा वास खळ्यावर पसरला आणि भूक लागलेल्या माणसांना मनाविरुद्ध बरं वाटलं. शेवटी दोन छोटे पाव निघाले. अगदी सारखे. एक तिनं झासिंताच्या हातात दिला. दुसरा दगडावर ठेवला.

*

सगळे गेल्यावर अदोझिंदा टोपल्या कोठारात वर चढवत होती. खालून सासू एकेक टोपली देत होती.

"तुम्ही ते ओळखलंत," अदोझिंदा शेवटी म्हणाली. "सकाळीच. दाणा बघूनच."

"माझं मी नाही ओळखणार?"

"मग मला शिक्षा करायची. मला मारायचं. तिला का?"

बाल्बीनाबाईंनी टोपली वर दिली.

"मी वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आई आहे, आता उठेल. आता उठेल. तू उठली असतीस ना, तर मी सगळ्यांसमोर खाली मान घातली असती. गेल्या वर्षी मी काय केलं ते मला माहीत आहे."

अदोझिंदाचे हात टोपलीच्या काठावर थांबले.

"उठले असते, तर तुम्ही पोरीला ठेवून घेतलं असतं?"

"नाही," सासू म्हणाली. "तसं नाही. दोघींना काढलं असतं, त्याच दिवशी. पण मान खाली घातली असती." तिनं पुढची टोपली उचलली. "आता राहील ती. शब्द दिलाय. खाईल, पिईल. धर, वजन माझ्याच हातावर आहे."

कोठाराचं दार लावून अदोझिंदा खाली आली तेव्हा उन्हं डोंगरावर गेली होती. इदा अंगणातल्या दगडी हौदाशी बसली होती. अंगठा पाण्यात बुडवला होता, दुसऱ्या हातात पाव, अर्धा खाल्लेला. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं, पण आता ती रडत नव्हती. मुलं तशीच असतात, त्यांची भूक दुःखासाठी थांबत नाही.

अदोझिंदानं तिच्याजवळ बसून तो अंगठा हातात घेतला, फुंकर घातली, एप्रनची चिंधी फाडून बांधली. चिंधी बांधताना तिच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा पुन्हा गाठ सोडतोय आणि पुन्हा मारतोय.

"आई," इदा म्हणाली, "मी खोटी राजा होते ना? मग त्या मिठ्या परत द्यायच्या का सगळ्यांना?"

"नाही गं राणी. दिलेली मिठी कुणी परत घेत नाही."

"आबिलियो काकांचीपण नाही?"

"नाही."

इदानं पावाचा एक घास घेतला. चावता चावता विचार केला.

"आजीचा हात गरम असतो," ती म्हणाली. गुपित सांगावं तसं. "मला वाटायचं गार असेल. आणि तिच्या एप्रनला पिठाचा वास येतो. तुला माहीत होतं?"

अदोझिंदानं मान हलवली. होय की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं लेकीचं डोकं जवळ ओढून घेतलं. केसांत मक्याचे रेशमासारखे तुरे अडकले होते, ते ती एकेक करून काढायला लागली. मंगळवारपर्यंत आणखी किती वेळा हे केस विंचरता येतील, हे ती मोजत नव्हती. मोजत नाहीये असं स्वतःला सांगत होती.

भट्टीतून अजून धूर येत होता. गोठ्यात गाय ताजी पानं चघळत होती, त्याचा खसखस आवाज अंगणभर ऐकू येत होता. इदा तो ऐकत बसली. मग तिनं आईच्या हाताखालून डोकं काढलं आणि सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं, बापाच्या डोळ्यांनी.

"मी पेटी उघडली नाही. झासिंतानंपण नाही, मी विचारलं तिला. मग ते जुनं कणीस माझ्यापाशी कुणी ठेवलं गं, आई?"